दिव्यांग दाखला आणि अपघात विम्याचा दावा : या चुका टाळा

यंत्रमागावर बोट गेलं किंवा पट्ट्यात हात अडकला, की अनेकदा पहिली खोटी नोंद दवाखान्यातच होते. मालक सोबत असतो. "घरात पडलो म्हणून सांग, खर्चाचं मी बघतो," असं तो म्हणतो. डॉक्टर विचारतात, कामगार तसंच सांगतो आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे मालकाने हात वर केले की भरपाईचा दावा लावावा लागतो. दाव्यात 'मागावर काम करताना' असं लिहिलेलं असतं, आणि समोरचा वकील तो पहिला केसपेपर पुढे करतो. दुखापत खरी असते, तरी लबाड ठरतो तो कामगारच. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चीड येते ती याची.

म्हणून वेळ, ठिकाण आणि कारण पहिल्याच वेळी खरं सांगा. काय लिहिलंय ते तिथल्या तिथे वाचून घ्या. सोलापूरच्या पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारे पुष्कळ आहेत. मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर सोबतच्याकडून वाचून घ्या. कारखाना ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) असेल तर मालकाकडून अपघाताची नोंद तिथे करून घ्या. नसेल तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली अपघातापासून २ वर्षांच्या आत दावा लावता येतो; आधी हा १९२३चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे.

दुसरी चूक टक्क्यांची. भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. दिव्यांग दाखल्यावरची टक्केवारी निराळ्या पद्धतीने मोजतात, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. हे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. आणि ते जुळवायला एजंटाकडे तर मुळीच जाऊ नका.

"दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डात आपली ओळख आहे, ४५ टक्के करून देतो," म्हणणारा माणूस पैसे घेऊन मोकळा होतो. कागदावर नाव तुमचं राहतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम ९१प्रमाणे खोटेपणाने सवलत घेतली किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. १ जून २०२१पासून दाखला यूडीआयडी या दिव्यांगांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनच मिळतो. त्यानंतरच्या तारखेचा नुसता हाती लिहून शिक्का मारलेला दाखला कोणी दिला, तर तो घेऊच नका. टक्केवारी खरोखर कमी लागली असं वाटत असेल तर रीतसर अपील करा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो. दोन बँकांतून हप्ता कापला जात असला तरी दावा एकच मिळतो. दोन्हीकडे अर्ज करू नका. एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले तर २ लाख. एका बोटासाठी यात काही मिळत नाही. मिळवून देतो म्हणणारा खोटं बोलतोय.

कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका, मग समोर नात्यातला माणूस असला तरी. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणि अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा.

तुम्ही स्वतः काढलेल्या पॉलिसीचा खरा दावा कंपनीने नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभराच्या आत जाता येतं. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.