दिवेआगर-श्रीवर्धनला सायकल नेताय? या चुका टाळा

शनिवारी पहाटे पुणं सोडायचं, ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे दिवेआगर गाठायचं आणि गाडीतून नेलेल्या सायकलवर समुद्राच्या कडेनं रमतगमत श्रीवर्धनला जायचं. यासारखा निवांत बेत नाही. तो बिसकटतो ते नेहमी त्याच त्या चुकांनी.

चाक काढल्यावर ब्रेक दाबणं. पुढचं चाक काढून सायकल डिकीत घातली आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची मूठ चुकून दाबली गेली, की डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड एकमेकांजवळ सरकतात आणि तिथेच राहतात. मग दिवेआगरला डिस्क आत शिरत नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला. पॅड सरकलेच तर सपाट टायर लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) हळूहळू मागे सारा. स्क्रूड्रायव्हर नको, पॅडवर ओरखडे येतात. सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर. पेडल काढणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं.

सुट्टी पाहणं, तिथी न पाहणं. सर्वात मोठी चूक हीच. सायकल चालते ती ओहोटीनं उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत चाक रुततंच. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊला ओहोटी. त्यामुळे तृतीया ते पंचमी हे दिवस सकाळच्या फेरीसाठी उत्तम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, वाळू तापलेली असते. पौर्णिमा-अमावस्येला ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास मिळते, पण उधाणाचं पाणी परततंही झपाट्यानं. ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा दीड-दीड तास आपला धरा. हा अंदाज बेत आखण्यापुरता; निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहा आणि गावातल्या कोळ्यांना विचारा.

हवा एकाच मापाची ठेवणं. दोन इंची टायरमध्ये वाळूसाठी २० ते २५ पीएसआय पुरते. डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा ४० वर न्या. म्हणून पंप बरोबर हवाच. मऊ टायर खड्ड्यात आपटला की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा शिंपलीचा तुकडा टायरमध्ये अडकलेला असतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं जपून फिरवून तो शोधा, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. बारीक प्रेस्टा व्हॉल्वची ट्यूब गावात मिळेल असं धरून चालू नका, दोन बरोबर ठेवा.

किनारा म्हणजे सपाट रस्ता असं समजणं. भरडखोल, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता देखणा आहे, पण त्यात छोटे-छोटे चढउतार आहेत. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा; चढावर जोर लावत बदलला तर चेन उतरते. उताराच्या वळणांवर वाळू पसरलेली असते, तेव्हा ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे थकवा पुण्यापेक्षा लवकर येतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं; मीठ घातलेलं कोकम सरबत त्यात उपयोगी. सकाळी सातला निघून दहाच्या आत टेकायचं.

सायकल तशीच घरी आणणं. नुकसान खरं इथे होतं. खारं पाणी वाळतं, पण मीठ चेनच्या कड्यांत राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. दोन-तीन दिवसांत चेनवर तांबूस ठिपके, मग पेडल मारताना करकर. त्यावर लगेच तेल ओतलं तर वाळू आणि तेलाचं कुरुंद होतं आणि गिअरच्या चक्रांचे दात झिजतात.

त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणीच, त्याच संध्याकाळी, गोड्या पाण्याच्या दोन बादल्या लागतील. पाणी वरून हळू सोडा. जोराचा फवारा मारला तर मीठ आणि वाळू थेट बेअरिंगमध्ये शिरतात. चेन जुन्या ब्रशनं घासा, फडक्यानं कोरडी करा, अर्धा तास हवेला ठेवा. मग आतल्या बाजूनं प्रत्येक कडीवर एकच थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पूर्ण पुसून घ्या. तेलाचा हात डिस्कला लावू नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक किंचाळतो.

पुण्यात आल्यावर सीटची दांडी एकदा बाहेर काढा. फ्रेमच्या नळीत उतरलेलं खारं पाणी तिथे दिसत नाही. काही महिन्यांनी दांडी अशी जाम होते की वर-खाली होत नाही. पुसून, ग्रीसचा पातळ हात देऊन परत बसवा. फ्रेम किंवा दांडी कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची खास पेस्ट.