ग्राफिक्स प्रोग्रामिंगला कधी हात घालावा?

गेम प्रोग्रामिंग शिकणारी मुलं एका टप्प्यावर हमखास विचारतात, "युनिटीत थोडंफार जमायला लागलंय, आता ग्राफिक्स सुरू करू का?" (युनिटी म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, म्हणजेच गेम इंजिन; आणि ग्राफिक्स म्हणजे स्क्रीनवर चित्र कसं काढायचं ते सांगणारा कोड स्वतः लिहिणं.) माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी एक छोटा गेम मेनूपासून गेम ओव्हरपर्यंत पूर्ण करा, दुसऱ्या कुणाला तरी खेळायला द्या, मग सुरू करा. गेम कितीही साधा चालेल, पण पूर्ण हवा.

ही अट मी गणितामुळे घालत नाही, चुकांमुळे घालतो. एरवी कोड चुकला की काहीतरी धागा हाती लागतो. एरर येतो, लाइन नंबर कळतो, निदान प्रोग्राम क्रॅश तरी होतो. ग्राफिक्समध्ये बहुतेक वेळा नुसती काळी स्क्रीन दिसते. कॅमेरा भलत्याच दिशेला बघत असेल. बॅकफेस कलिंग (मागच्या बाजू न काढण्याची सोय) चालू असताना त्रिकोणाचे बिंदू उलट्या क्रमाने दिले असतील, म्हणून जीपीयूने (चित्र काढणाऱ्या चिपने) ती मागची बाजू समजून त्रिकोण काढलाच नसेल. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम चुकला असेल. नवी फ्रेम सुरू करताना डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलवरची गोष्ट किती लांब आहे याची नोंद) साफ करायचा राहिला असेल. या सगळ्यांचा परिणाम एकच दिसू शकतो आणि प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालत राहतो. अशा वेळी एकेक शक्यता तपासून बाजूला काढावी लागते. ती चिकाटी गेम पुरा करताना अंगात मुरते, कारण शेवटच्या टप्प्यात नवीन काही लिहिणं कमी आणि बिघडलेलं शोधणं जास्त असतं. ही सवय लागण्याआधी थेट ग्राफिक्सला बसलेली चांगली हुशार मुलं "हे आपल्याला झेपणार नाही" म्हणून सोडून देताना मी पाहिली आहेत. त्याचं खरंच वाईट वाटतं. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, क्रम चुकला होता.

मी स्वतः ग्राफिक्सकडे वळलो ते एका मोबाइल गेममुळे. गेमप्लेचं काम माझ्याकडे होतं. स्वस्त अँड्रॉइड फोनवर स्फोट झाला की गेम अडखळायचा. प्रोफायलरमध्ये, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात, पाहिलं तर माझा कोड निवांत होता, सगळा वेळ जीपीयू खात होता. कारण होतं धूर. धुराचा प्रत्येक कण म्हणजे एक पारदर्शक चौकोन, आणि पारदर्शक गोष्टींच्या मागचं लपवून टाकता येत नाही, त्यामुळे एकावर एक दहा थर आले की तोच पिक्सेल दहा वेळा रंगवावा लागतो. याला ओव्हरड्रॉ म्हणतात. १०८० गुणिले २४०० च्या स्क्रीनवर सुमारे २६ लाख पिक्सेल असतात. धुराने स्क्रीन भरली की दहा थरांचे झाले २ कोटी ६० लाख, तेही एका फ्रेममध्ये. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. आम्ही कण कमी केले आणि धूर निम्म्या लांबी-रुंदीच्या टेक्स्चरवर (मेमरीतल्या चित्रावर) काढून मग मोठा करून दाखवला, म्हणजे पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर आले. गेम सुरळीत झाला. त्या दिवसापासून शेडर, म्हणजे जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम, मला परका वाटला नाही. तुमच्याही गेममध्ये असा एखादा प्रश्न उभा राहिला, की वेळ आली असं समजा.

गणिताला मात्र थांबू नका. बारावीत मॅट्रिक्स आणि व्हेक्टर केलेले असतात, तेवढी शिदोरी सुरुवातीला पुरते. शत्रू खेळाडूच्या समोर आहे की पाठीमागे, हे ज्या डॉट प्रॉडक्टने कळतं, त्यानेच पृष्ठभागावर प्रकाश किती पडतो तेही कळतं. प्रकाशाचा हा कोसाइनचा नियम लॅम्बर्टने १७६० मध्ये मांडला होता आणि आजचे शेडरही तो वापरतात. म्हणून गेमप्ले लिहितानाच हे गणित हाताखालून जाऊ द्या.

सुरुवात इंजिनातल्याच शेडरपासून करावी. गोडो हे इंजिन फुकट आहे आणि कॉलेजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात पाणी हलवून पाहा, मार लागल्यावर पात्र पांढरं चमकवून पाहा. त्यानंतर जीपीयूला हात न लावता सी++ मध्ये स्वतःचा छोटा रास्टरायझर लिहा: त्रिकोणाच्या आत कोणते पिक्सेल येतात ते शोधायचं, डेप्थ बफर ठेवायचा आणि चित्र फाइलमध्ये लिहायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी तीच, कारण इथे प्रत्येक पिक्सेलजवळ डीबगर थांबवता येतो.

मग ओपनजीएल ३.३, म्हणजे जीपीयूला कामं सांगायची एक ठरलेली पद्धत. ते जुनं झालं म्हणून लोक नाक मुरडतात. १९९२ पासूनचं आहे, शेवटची ४.६ आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि २०१८ मध्ये ॲपलने ते कालबाह्य ठरवलं, हे सगळं खरं आहे. तरी शिकण्यासाठी मी तेच सुचवतो. त्याच कामासाठी २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनमध्ये पहिला त्रिकोण दिसेपर्यंत हजारेक ओळी लिहाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा मेमरी व सिंक्रोनायझेशनच्या असतात. त्या का लागतात हे कळायला आधी साधा रेंडरर (चित्र काढणारा प्रोग्राम) लिहिलेला हवा.

ज्याला गेम बनवण्यात रसच नाही, चित्र कसं उमटतं याचंच वेड आहे, त्याने माझी पहिली अट सोडून द्यावी आणि आजच रास्टरायझर लिहायला घ्यावा. नोकरीचं म्हणाल तर फ्रेशरला बहुधा गेमप्ले किंवा युनिटी डेव्हलपर म्हणूनच घेतात. निव्वळ ग्राफिक्सच्या जागा कमी असतात. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, एनव्हिडियाचं कार्यालयही आहे, पण अशा जागांसाठी सी++ पक्कं लागतं. मुलाखतीला जाताना स्वतः लिहिलेला रेंडरर सोबत असू द्या, आणि त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे.

रेंडरडॉक हे फुकट साधन मात्र पहिल्याच दिवशी उतरवून घ्या. तुमच्या पूर्ण झालेल्या गेमची एक फ्रेम त्यात पकडा आणि एकेक ड्रॉ कॉल (जीपीयूला दिलेला काहीतरी काढायचा हुकूम) पुढे सरकवत पाहा: आधी काय उमटतं, पारदर्शक गोष्टी कधी येतात, स्कोअरचे आकडे कितव्या नंबरला येतात. जिथे आपल्या अंदाजापेक्षा वेगळं काही दिसेल, तिथूनच वाचायला सुरुवात करा.