वडिलांच्या लष्करी नोंदी: नुसत्या डीडी-२१४वर भागत नाही

वडील अमेरिकी सैन्यात होते आणि एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेले विषारी तणनाशक) किंवा कॅम्प लेजून या नॉर्थ कॅरोलायनातल्या लष्करी तळाच्या दूषित पाण्यामुळे आजारी पडले, असा दावा करायचा असला की बहुतेक जण फक्त डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटतानाचा दाखला, मागवतात. त्यात सेवेचा गोषवारा असतो, मधल्या सगळ्या नेमणुका असतीलच असे नाही. आणि दाव्याचा जीव नेमका तिथेच: माणूस कुठे, कधी, किती दिवस होता. लेजूनसाठी १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ मधले किमान ३० दिवस दाखवावे लागतात. म्हणून माजी सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे एसएफ-१८० या नोंदी मागण्याच्या अर्जात संपूर्ण फाइल मागा, कारणही लिहा. वडील हयात असतील तर सही त्यांची. नसतील तर मुलगा-मुलगी मृत्यूचा दाखला जोडून मागू शकतात.

१९७३च्या आगीत तिथल्या दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या; १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सुटलेल्यांच्या तर सुमारे ८० टक्के. तसे उत्तर आले तरी हातपाय गाळू नका, पगाराच्या नोंदी आणि तुकडीचे रोजचे अहवाल शोधायला सांगा. आईच्या ट्रंकेतली बदलीची जुनी ऑर्डर किंवा तळाच्या पत्त्यावर आलेली पाकिटे रद्दीत तर मुळीच घालू नका.