कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हे मुलांना घरीच शिकवा

मूल पळालं की कुत्रा हमखास मागे लागतो. म्हणून 'पळू नको' एवढं सांगून भागत नाही, घरात त्याची तालीम करून घ्या. तुम्ही भुंकत अंगावर जा. मुलाने जागच्या जागी खांबासारखं उभं राहायचं, हात छातीशी घट्ट, नजर स्वतःच्या चपलांवर. ओरडायचं नाही. कुत्रा हुंगून निघून जाईपर्यंत हलायचं नाही, मग हळूहळू मागे सरकायचं, पाठ फिरवायची नाही. खाली पडलंच, तर पोटाशी गुडघे घेऊन मुटकुळं करायचं आणि बोटं गुंफून मान नि कान झाकायचे. आमच्याकडे रोज संध्याकाळी पाच मिनिटं हा खेळ चालतो, आता धाकटीसुद्धा न चुकता करते.

हातात बिस्किटाचा पुडा उघडा ठेवून मुलांना खाली पाठवू नका. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीच्या वाटेला जायचं नाही, हेही बजावा.

चावलाच, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून! हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजच्या विषाणूला लगेच रोखणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) स्वतःहून विचारा आणि लसीचा एकही डोस चुकवू नका. मार बसेल या भीतीने मुलं ओरखडे लपवतात. तेव्हा 'कधीही सांग, रागावणार नाही' हे त्यांना आजच सांगून ठेवा.