गोव्यात स्नॉर्केलिंगला जाण्याआधी तिथी बघा

गोव्याची सुट्टी ठरवताना आपण आधी हॉटेल बघतो, मग गाडीचं तिकीट. पण स्नॉर्केलिंग करायचं असेल, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून समुद्रात तरंगत मासे बघायचे असतील, तर सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. मी वास्कोत राहते. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आणि तेव्हा मी पहिलं काम हेच करते.

महिना आधी ठरवू. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. पाऊस संपला तरी मांडवी आणि जुवारी नद्यांचा गाळ पाण्यात रेंगाळतो, म्हणून ऑक्टोबरात पाणी गढूळ मिळण्याची शक्यता जास्त. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो.

मग तिथी. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सहाच्या सुमारास भरती आणि पुढे सहा तासांनी, बाराच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकराची भरती आणि संध्याकाळी सव्वापाचची ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

स्नॉर्केलिंगला अष्टमी ते दशमी हे दिवस निवडा. या दिवसांत पाण्याची चढ-उतार कमी असते, ओढ कमी असते आणि तळाची वाळू फारशी ढवळत नाही. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या वेळी, त्याच जागी हाताच्या अंतरावरचा मासा धूसर दिसतो.

जागा म्हणजे ग्रँड आयलंड, मुरगावच्या दक्षिणेला समुद्रात असलेलं बेट. बहुतेक बोटी उत्तर गोव्यातून, नेरूलच्या कोको बीचवरून सुटतात. वाटेत आग्वादचा किल्ला दिसतो आणि नशीब असेल तर डॉल्फिनही. मात्र हा प्रवास लांबचा आहे. बोट लागणाऱ्यांनी वास्कोजवळच्या बायण्याहून किंवा बोगमाळोहून जावं, तिथून बेट बरंच जवळ पडतं. सकाळची पहिली फेरी मागा. दुपारनंतर वारा उठतो, लाटा चढतात आणि परतीच्या वाटेवर सगळी बोट ओली होते.

पैसे देण्याआधी बोटवाल्याला तीन गोष्टी विचारा: बोटीची बंदर कप्तान खात्याकडे नोंदणी आहे का, प्रत्येकाला अंगाला बसेल असं लाइफ जॅकेट मिळेल का, आणि पाण्यात तुमच्यासोबत कोण उतरणार. लहान मुलांसाठी लहान मापाचं जॅकेट नसेल तर सरळ दुसरी बोट शोधा. एकदा माझ्या भाचीला मोठ्या माणसाचं जॅकेट चढवलं होतं. पाण्यात पडताच ते वर सरकून तिच्या कानांपर्यंत आलं. पोरगी घाबरून तासभर रडत होती.

निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. एक पाव आणि थोडी पातळ भाजी पुरे. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि बोटीत मागच्या बाजूला क्षितिजाकडे बघत बसा.

आता मास्क. सगळी मजा किंवा सगळा वैताग यातच आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा. कपाळावरची एक बट जरी रबराखाली अडकली तरी पाणी आत येतं. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावावं. काचेच्या आतून थुंकी चोळून ती समुद्राच्या पाण्यात विसळा, म्हणजे वाफ धरत नाही. किळस वाटू देऊ नका, हा उपाय खरंच चालतो.

मागच्या वर्षी माझ्या सासूबाई उतरल्या. वय चौसष्ट, पोहता येत नाही. त्या नळी दातांत घट्ट आवळून धरत होत्या आणि नाकाने श्वास घ्यायला बघत होत्या. मी म्हटलं, "आई, दात सोडा, ओठांनी धरा. आणि नुसता श्वास सोडत राहा, घ्यायचं आपोआप होईल." बोटीची शिडी धरून त्यांनी पाचच मिनिटं चेहरा पाण्यात ठेवला, मग शिडी सोडली. खाली काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे खडकाभोवती फिरत होते. वर आल्यावर त्यांनी मास्क काढलाच नाही, तशाच म्हणाल्या, "अगं, ते माझ्याकडे बघत होते!" तुम्हीही असंच करा: आधी शिडी, मग श्वास, मग हात सोडणं.

इथे अंदमानसारखं नितळ निळं पाणी मिळत नाही. काही मीटरच दिसतं. म्हणून लांब पोहत सुटू नका, एका खडकापाशी तरंगत थांबा. दोन मिनिटांत मासे तुमची भीती सोडून परत येतात. प्रवाळावर पाय ठेवू नका, ते जिवंत असतं आणि तळव्यालाही कापतं. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, लगेच बाहेर येऊन सोबतच्या माणसाला सांगा.

हाताशी आणखी चार-पाच दिवस असतील तर दक्षिणेला काणकोणात जा. पाळोळे किनाऱ्यावरून बोटीने बटरफ्लाय बीच बघता येतो. पण मला आवडतं ते पाळोळ्याच्या उत्तर टोकाचं छोटं बेट. ओहोटीला तिथे पाण्यातून चालत जाता येतं, आणि यासाठी उलट उधाणाचे दिवस लागतात, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे, कारण तेव्हा ओहोटीला पाणी जास्त खाली जातं. म्हणून दशमीला ग्रँड आयलंड आणि पौर्णिमेला पाळोळे, असा बेत छान जुळतो. चपला पायातच ठेवा, खडक शेवाळाने निसरडे असतात. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परत या. जाताना पाणी कुठवर होतं ते लक्षात ठेवा. परतताना ते गुडघ्याच्या वर गेलं असेल आणि ओढ जाणवत असेल, तर बेटावरच थांबून बोटवाल्याला हाक मारा.