परदेशात राहताना बेतात बसणारे फाइन डायनिंग

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरहून शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांचे पहिले वर्ष बहुधा खोलीवरच्या कुकरच्या भरवशावर निघते आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र लंडन, पॅरिस किंवा टोकियोसारख्या शहरात दोन-चार वर्षे राहूनही तिथल्या एखाद्या नामवंत रेस्टॉरंटची पायरी न चढता परतायचे, तेही केवळ ‘ते आपल्याला परवडणारे नाही’ या समजुतीपोटी, हे काही बरे नव्हे. अशा ठिकाणचे बिल प्रामुख्याने दोन कारणांनी फुगते: आपण निवडलेली वेळ आणि जेवणासोबत मागवलेली पेये. ही दोन्ही सांभाळली, तर त्याच स्वयंपाकघरातले जेवण बऱ्याचदा निम्म्या किंवा त्याहूनही कमी खर्चात होते.

पहिला नियम असा की, रात्रीऐवजी दुपारी जावे, आणि तेही शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. रेस्टॉरंटचे भाडे आणि आचाऱ्यांचे पगार दुपारीही चालूच असतात, टेबले मात्र रिकामी राहतात. म्हणून दोन किंवा तीन पदार्थांचे ठरावीक जेवण ठरावीक किमतीत दिले जाते. पॅरिसमध्ये अशा जेवणाला ‘फॉर्म्युल’ म्हणतात, लंडनमध्ये ‘सेट लंच’, आणि स्पेनमधले ‘मेनू देल दिया’ तर साध्या खाणावळीपासून चांगल्या रेस्टॉरंटपर्यंत सर्वत्र आढळते. जपानमध्ये हा फरक विशेष जाणवतो. रात्री खिशाला न झेपणाऱ्या कित्येक ठिकाणी दुपारचे जेवण विद्यार्थ्यालाही वर्षातून एकदोनदा जमू शकते. दुपारी सुट्टी मिळत नसेल, तर लंडनमध्ये नाटकाआधी जेवणाऱ्यांसाठी संध्याकाळी लवकर मिळणारा ‘प्री-थिएटर’ मेनू पाहावा. नाटकाचे तिकीट कोणी विचारत नाही. टेबल राखून ठेवण्यापूर्वी रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर हा मेनू कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत मिळतो, तसेच त्यातल्या एखाद्या पदार्थासाठी वेगळे पैसे पडतात का, हे नीट वाचावे.

ठिकाण शोधण्यासाठी उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडचा उपयोग होतो, पण ताऱ्यांच्या यादीपासून सुरुवात करू नये. टायर बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी काढलेल्या या पुस्तिकेत १९९७ पासून ‘बिब गुर्मां’ नावाची वेगळी खूण दिली जाते, आणि ती माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्या ठिकाणांसाठीच आहे. आपल्यासारख्यांनी आधी ती यादी चाळावी. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेला ‘रेस्टॉरंट वीक’, म्हणजे अनेक रेस्टॉरंटांनी ठरावीक किमतीत जेवण देण्याचा उपक्रम, आता हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होतो. पहिल्या वर्षी त्यातल्या दुपारच्या जेवणाची किंमत १९ डॉलर ९२ सेंट ठेवली होती. या काळात काही ठिकाणी घाईघाईने उरकलेले, कोंबडी आणि सॅमन माशापुरते आटोपशीर जेवण मिळते, हेही खरे. त्यामुळे एरवी खरोखर महाग असलेले आणि आपला नेहमीचा एखादा पदार्थ त्या मेनूत ठेवणारे ठिकाणच निवडावे.

याहून स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे पाकशिक्षण संस्थांची रेस्टॉरंटे. लंडनमधले ‘द व्हिन्सेंट रूम्स’ किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क येथील कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची रेस्टॉरंटे ही त्याची उदाहरणे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वयंपाक करतात आणि वाढतात. वाढणाऱ्याचा हात कधी थरथरतो, जेवणाला वेळही थोडा अधिक लागतो, परंतु कोणता काटा कधी उचलायचा हे न बिचकता शिकायला याहून चांगली जागा नाही. ही ठिकाणे बहुधा सत्र चालू असतानाच उघडी असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

मेनूवरची किंमत आणि हाती येणारे बिल यांतला फरक देशागणिक बदलतो आणि नवखा माणूस इथेच फसतो. न्यूयॉर्कमध्ये ५० डॉलरच्या जेवणावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो आणि वर साधारण २० टक्के टिप अपेक्षित असते, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे साडेचौसष्ट डॉलर मोजावे लागतात. सिंगापूरमध्ये किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसली, तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के कर असा त्याचा अर्थ होतो. १०० डॉलरचे बिल ११९ डॉलर ९० सेंटवर जाते. ब्रिटनमध्ये कर किमतीतच धरलेला असतो, पण बिलावर बऱ्याचदा साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेले असते. ते ऐच्छिक आहे असे तिथे लिहिलेले असेल, तर सेवा समाधानकारक नसताना ते काढून टाकण्यास सांगता येते. हे शुल्क भरल्यावर वेगळी टिप ठेवण्याची गरज नाही. फ्रान्समध्ये कर आणि सेवा दोन्ही किमतीत समाविष्ट असतात, इटलीत अनेक ठिकाणी माणशी थोडे ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचे शुल्क आकारतात, आणि जपानमध्ये टिप देण्याची पद्धतच नाही.

पेयांबाबत मन आधीच पक्के करून जावे. बसल्या बसल्या ‘साधे पाणी की बुडबुड्यांचे?’ असे विचारले जाते आणि दोन्ही बाटल्यांचे पैसे पडतात. नळाचे पाणी हवे असे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. फ्रान्समध्ये जेवणासोबत ‘काराफ द’ओ’ म्हणजे नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य मिळते. प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाइन देणाऱ्या ‘पेअरिंग’चा खर्च कधीकधी जेवणाइतकाच होतो, घ्यायचीच असेल तर एक पेला पुरे.

शाकाहारी मंडळींनी, विशेषतः ज्यांच्या घरी माळ आणि एकादशी आहे त्यांनी, टेबल राखतानाच आपले पथ्य लेखी कळवावे. ऐनवेळी सांगितल्यास वाट्याला सॅलड येते. नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. मांस, मासे, कोंबडी, अंडी आणि त्यांचा स्टॉक यांपैकी काय चालत नाही हे नेमके लिहावे. जपानी स्वयंपाकातल्या ‘दाशी’त बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते आणि कित्येक गोड पदार्थांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्यांनी तेही आधीच कळवावे, कारण ठरावीक मेनूत पर्याय क्वचितच असतो. आचाऱ्याला चार दिवस मिळाले, तर अनेक ठिकाणी शाकाहारी ताट मांसाहाराच्या तोडीचे मिळते.

पोशाखाची धास्ती उगाच बाळगली जाते. दुपारी स्वच्छ शर्ट, साधी पँट आणि बंद बूट बहुतेक ठिकाणी चालतात. काटे-चमचे बाहेरून आत या क्रमाने वापरावेत, पाव डाव्या हाताच्या बशीतला घ्यावा. टेबल राखताना कार्डाचा क्रमांक मागतात, तेव्हा रद्द करण्याची मुदत नोंदवून ठेवावी. न सांगता गैरहजर राहिल्यास माणशी दंड कापला जातो आणि मग दुपारच्या स्वस्ताईचा उपयोग राहत नाही.

गावाकडून आईवडील आले असतील, तर त्यांना आवर्जून न्यावे, पण दीर्घ ‘टेस्टिंग मेनू’ला नव्हे. तीन तास बसून ताटात घासभर काहीतरी येत राहिले, की ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस घरी येऊन पुन्हा जेवायला मागतो. तीन पदार्थांचे दुपारचे जेवण त्यांना सोसते आणि पचतेही. किमती मनात रुपयांत बदलल्या की त्यांच्या घशाखाली घास उतरेनासा होतो, म्हणून काही रेस्टॉरंटांत आगाऊ पैसे भरण्याची जी सोय असते ती वापरावी; ती नसेल तर आत शिरतानाच कर्मचाऱ्याला कार्ड देऊन बिल टेबलावर न आणण्याची विनंती करावी. ही विनंती सहसा आनंदाने मान्य होते, आणि बिलावरून बापलेकांत होणारी ओढाताणही टळते.