मनाली ते लेह मोटारीने जाताना या चुका टाळा

मनालीहून लेहला मोटारीने निघणारी मंडळी टायर, बॅटरी आणि जादा इंधन यांची काळजी पुष्कळ घेतात; रात्री मुक्काम कोठे करायचा, हे मात्र अनेकदा अंतर मोजून किंवा मिळेल ते बुकिंग पाहून ठरते. या मार्गावर सर्वांत महागात पडते ती हीच चूक.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर मनाली गावच सुमारे २,०५० मीटरवर वसले आहे. सह्याद्रीतील घाटांचा सराव वळणे घेण्यास उपयोगी पडतो. विरळ हवेला शरीर सरावण्यासाठी त्याचा काहीही उपयोग नाही. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंडीची चढण टळते आणि वाटेवरचा सरचू हा मुक्कामाचा थांबा एका दिवसात गाठणे सोपे वाटते. परंतु सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे पहिल्याच रात्री मनालीपेक्षा दोन हजारांहून अधिक मीटर उंचीवर झोपावे लागते. त्याहून गंभीर बाब अशी, की उंचीच्या त्रासावर खाली उतरणे हा खरा उपाय असताना सरचूहून लगेच उतरता येत नाही: मागे फिरावे तर सुमारे ४,९०० मीटरचा बारालाचा ला ओलांडावा लागतो (‘ला’ म्हणजे खिंड) आणि पुढे जावे तर नकी ला व ५,००० मीटरहून उंच असलेला लाचुंग ला आडवा येतो. त्यापुढील पांगच्या तंबूंतील मुक्कामही याच कारणाने टाळावा.

त्याऐवजी सरचूच्या अलीकडे, कमी उंचीवर असलेल्या केलाँग किंवा जिस्पा येथे, शक्य असल्यास दोन रात्री राहावे आणि पहाटे निघून थेट लेह गाठावे. केलाँगपासून हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. दिवस दमवणारा असतो, पण रात्र लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर जाते. हाताशी दिवस असतील तर जाताना श्रीनगर-कारगिल मार्ग घ्यावा आणि परतताना मनालीकडे उतरावे, हे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे नियोजन होय, कारण त्या बाजूने उंची हळूहळू वाढते.

डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाल्यास अधिक उंचीवर झोपू नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे दिसताच सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली न्यावे. गाडीतील ऑक्सिजनने वेळ मिळतो, उतरणे टळत नाही. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या प्रवासात वर्ज्य समजाव्यात.

उशिरा निघणे हीसुद्धा मोठी चूक आहे. दिवस चढेल तसा बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचे पाणी वाढते, त्यामुळे सकाळी सहज पार होणारा नाला दुपारी गाडी अडवतो. पाण्याचा जोर अधिक असेल तर थांबावे आणि आधी एखादा ट्रक कोणत्या बाजूने जातो ते पाहावे.

विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, हा बिघाड नव्हे. अशा वेळी अर्धा क्लच दाबून गाडी रेटल्यास क्लच जळतो. पहिला गिअर टाकून संथपणे चढावे. उतारावरही खालच्या गिअरमध्येच राहावे, अन्यथा सतत दाबून तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. इंधनाची टाकी केलाँगच्या अलीकडील तांडी येथे भरून घ्यावी.

लेहला पोहोचल्यावर दुसऱ्याच सकाळी खारदुंग ला ही उंच खिंड गाठण्याचा मोह आवरावा. पहिले दोन दिवस मुख्य बाजार, तेथील सतराव्या शतकातील जामा मशीद आणि मातीविटांच्या घरांतून जाणाऱ्या जुन्या गल्ल्या सावकाश पाहाव्यात. लडाखच्या सेंगे नामग्याल राजाच्या काळातील नऊ मजली राजवाड्याचा चढ आणि पायऱ्या मात्र श्वास स्थिरावल्यानंतरच चढाव्यात.